बिल्ड ड्रायव्हर ऐन ‘आर यू रेडी’ला रिसेट होतो? बोर्डाला हात लावण्याआधी सेलचं घर तपासा

तक्रार जवळपास नेहमी एकाच शब्दांत येते. बिल्ड ड्रायव्हर, म्हणजे ‘कामेन रायडर बिल्ड’ या जपानी मालिकेतला बोलणारा खेळण्यातला बेल्ट, सुरू होतो, त्यात खोचलेल्या दोन्ही खेळण्यातल्या बाटल्या ओळखतो, लिव्हर फिरवली की संगीत वाजायला लागतं, आणि ‘आर यू रेडी’ या बेल्टच्या हाळीच्या पुढे, जिथे आवाज आणि दिवे दोन्ही भरात येतात, तिथे सगळं मध्येच तुटतं. क्षणभर काहीच नाही. मग आत्ताच बटण चालू केल्यासारखा बेल्ट पहिल्यापासून बोलायला लागतो. नवे सेल घातले की चार दिवस बरं, पुन्हा तेच. शेवटी कोणीतरी सांगतं की आतलं सर्किट बोर्ड गेलं, आणि बेल्ट माळ्यावर जातो.

बोर्ड गेलेलं नसतं. ज्या बेल्टचा आवाज रिसेट होईपर्यंत स्वच्छ येतो, त्याचं बोर्ड चांगलं आहे असं धरूनच कामाला लागा. दोष बहुतेक वेळा सेलपासून बोर्डापर्यंतच्या काही सेंटिमीटरच्या वाटेत असतो. ही वाट तपासायला मल्टिमीटर, कापसाचे इअरबड, पांढरं व्हिनेगर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर एवढंच लागतं. सोल्डरिंग लागलंच तर सर्वांत शेवटी.

खाली ‘कामेन रायडर बिल्ड’च्या ‘डीएक्स’ नावाने विकल्या गेलेल्या बेल्टबद्दल लिहितो आहे, कारण माझ्याकडे आणि ओळखीच्यांकडे सर्वाधिक तोच आहे. ही मालिका 3 सप्टेंबर 2017 ते 26 ऑगस्ट 2018 या काळात जपानच्या टीव्ही आसाहीवर झाली. नायक किर्यू सेन्टो हा भौतिकशास्त्रज्ञ. दोन ‘फुल बॉटल’ हलवायच्या, झाकण फिरवून चिन्ह समोर आणायचं, बेल्टमध्ये खोचायच्या आणि उजव्या हाताने लिव्हर फिरवायची. बेल्टमधला आवाज कोबायाशी कात्सुया या बुजुर्ग रेडिओ-टीव्ही डीजेचा आहे. ‘रॅबिट! टँक! बेस्ट मॅच!’ ही त्यांची हाळी एकदा ऐकली की हे खेळणं मोठी माणसंसुद्धा जिवापाड का जपतात ते कळतं. या बेल्टचं खरं मोल त्या आवाजात आहे आणि दुरुस्ती करताना जपायचा तोही आवाजच.

1971 साली कामेन रायडरची पहिली मालिका आली तेव्हा पॉपी कंपनीच्या 1,500 येनच्या बेल्टमध्ये चक्र फिरायचं आणि दिवा लागायचा. त्यातली मोटर आणि बल्ब आजही कोणी बदलू शकतं. आताच्या बेल्टमधला आवाज मात्र बोर्डावरच्या काळ्या थेंबाखाली दडलेल्या चिपमध्ये असतो. तो थेंब इपॉक्सी या कडक गोंदाचा. तो काढून आतली चिप बदलणं घरी शक्य नाही. म्हणून बोर्डावर उगाच सोल्डरिंगची गरम इस्त्री टेकवू नका, आणि ‘बघू काय होतंय’ म्हणून जास्त व्होल्टेजचा अडॅप्टर तर मुळीच जोडू नका.

आधी आजार कोणता ते ओळखा

दोन वेगळे दोष एकाच नावाने सांगितले जातात. पहिला रिसेटचा: बेल्ट बाटल्या बरोबर ओळखतो, पण आवाज चढला की कोसळतो. दुसरा चुकीच्या ओळखीचा: बेल्ट बंद पडत नाही, पण रॅबिटची बाटली खोचल्यावर भलतंच नाव घेतो किंवा गप्प राहतो. पहिला विजेचा दोष आहे, दुसरा बाटली ओळखणाऱ्या स्विचचा. दोन्हींचे उपाय निराळे आहेत, म्हणून आधी कानाने निवाडा करा.

त्यासाठी रॅबिट आणि टँक ही जोडी उत्तम. दोन्ही नावं बरोबर आली आणि पाठोपाठ ‘बेस्ट मॅच’ म्हटलं गेलं, तर ओळख ठीक आहे. त्यानंतर जे बिघडतं ते विजेचं. नावात घोटाळा झाला किंवा ‘बेस्ट मॅच’ आलंच नाही, तर थेट स्विचच्या भागाकडे जा. एक अडचण मात्र आहे. सेल फार उतरले असले तर दोन्ही लक्षणं एकत्र दिसतात, म्हणून कोणताही निष्कर्ष काढण्याआधी सेल नवे हवेत.

सेल: ‘नवे’ म्हणजे कोणते

आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारे स्वस्त एएए सेल बहुतेक झिंक-कार्बनचे असतात. घड्याळाला आणि रिमोटला ते छान चालतात, कारण तिथे वीज थेंबाथेंबाने लागते. बेल्टचं तसं नाही. स्पीकर पूर्ण आवाजात आणि दिवे एकदम लागले की त्या क्षणी मागणी कितीतरी पटीने वाढते. झिंक-कार्बन सेलचा आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त, त्यामुळे मागणी वाढताच त्याचं व्होल्टेज खाली बसतं. चिपला किमान लागेल त्याच्या खाली ते गेलं की ती स्वतःला रिसेट करते. चिपने तसं करणं योग्यच आहे, अर्धवट विजेवर ती भरकटली असती.

म्हणून वेष्टनावर ‘अल्कलाइन’ असं स्पष्ट छापलेले सेल घ्या, सगळे एकाच कंपनीचे, एकाच पाकिटातले. जुन्यात एक नवा मिसळू नका. सर्वांत कमजोर सेल बाकीच्यांना ओढतो, आधी पाझरतोही तोच. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचं गणित थोडं वेगळं आहे. प्रत्येकी 1.2 व्होल्ट म्हणजे तीन सेलच्या बेल्टमध्ये सुरुवातच 3.6 पासून. त्यांचा आतला रोध कमी असल्याने ताणाखाली ते फार खाली बसत नाहीत, आणि बरेच बेल्ट त्यांच्यावर व्यवस्थित चालतात. पण दोष शोधताना ते वापरू नका, आकडे वाचताना गोंधळ होतो.

आता मल्टिमीटर. सेल नुसते टेकवून मोजले तर जवळजवळ मेलेला सेलही 1.3-1.4 दाखवतो. त्या आकड्यावर विसंबू नका. सेल बेल्टमध्येच ठेवा, डब्याच्या पहिल्या आणि शेवटच्या टोकाला प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) लावा, आणि दुसऱ्या कोणालातरी लिव्हर फिरवायला सांगा. घरातलं मूल या कामाला आनंदाने तयार होतं. तीन ताजे अल्कलाइन सेल शांत असताना साडेचारच्या वर दाखवतात. भर आवाजात आकडा चारच्या आसपास टिकला तर सेल निर्दोष. साडेतीनच्या खाली डुबकी मारत असेल तर सेल बदला. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे खरी डुबकी दिसते त्याहून खोल असते हे लक्षात ठेवा. मीटरला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा धरून ठेवणारी ‘मिन-मॅक्स’ची सोय असेल तर तीच वापरा.

खरा गुन्हेगार: पत्री, स्प्रिंग आणि वायर

सेल नवे, ताणाखाली आकडाही ठीक, तरी बेल्ट कोसळतो. सर्वाधिक लोक इथेच अडकतात आणि बोर्डाला दोष देतात. यावरची तपासणी सोपी आहे, तिला ‘व्होल्टेज ड्रॉप’ म्हणतात. एक प्रोब सेलच्या ऋण टोकावर, सेलच्याच धातूवर टेकवायचा. दुसरा त्या टोकाच्या स्प्रिंगला जोडलेली काळी वायर बोर्डाला जिथे मिळते तिथे. आता आवाज वाजवा. धातूपासून धातूपर्यंत स्वच्छ जोड असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवील. 0.3 किंवा 0.5 व्होल्ट दिसले तर तेवढी वीज वाटेतच खर्ची पडते आहे. समजा जोडाचा रोध एक ओम आहे आणि त्या क्षणी 0.4 अँपिअर वाहतो आहे, तर 0.4 व्होल्ट तिथेच गेले. असे दोन-तीन जोड एका रांगेत आले की ताजे सेलही बोर्डापर्यंत अर्धमेले पोचतात. धन टोकालाही हेच करा, आणि सेलमधल्या जोडपत्र्या विसरू नका. त्या झाकणाच्या बाजूला असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

दोष सापडला की भिंग घेऊन बघा. पांढरी, किंचित ओलसर वाटणारी भुकटी म्हणजे अल्कलाइन सेलने कधीतरी पाणी सोडलं आहे. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, ते बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळतं आणि कार्बोनेटची पांढरी खरपुडी धरते. ते त्वचेला आणि डोळ्यांना वाईट, म्हणून हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा. हिरवट-निळा थर असेल तर आतलं तांबं खाल्लं जाऊ लागलं आहे.

सफाईची रीत अशी. कोरडी भुकटी आधी जुन्या टूथब्रशने बाहेर झटका, आत नाही. इअरबड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून पिळून घ्या आणि डागावर टेकवा. बारीक बुडबुडे येतील. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत बड बदलत राहा. मग पाण्याने ओलसर केलेल्या बडने व्हिनेगर पुसून काढा. हे टाळू नका, कारण मागे राहिलेलं व्हिनेगर पुढच्या महिन्यात स्वतःच धातू खायला लागतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि तासभर पंख्याखाली. पाझरलेला सेल झिंक-कार्बनचा असेल तर गळती आम्लधर्मी असते. तिथे व्हिनेगरऐवजी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून वापरा.

पॉलिश पेपरने घासू नका. स्प्रिंगवर निकेलचा पातळ मुलामा असतो. तो गेला की खालचं पोलाद उघडं पडतं आणि आपल्या पावसाळ्यात ते आठवड्याभरात तांबूस होतं. मुलामा आधीच गेला असेल तर स्प्रिंग बदलणंच बरं. नवा एएए सेल होल्डर घ्या आणि त्यातली स्प्रिंग काढून वापरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो सहज मिळतो.

स्प्रिंग चकचकीत झाली आणि तरीही मीटर अर्धा व्होल्ट दाखवतो, तेव्हा वायर बघा. पाझरलेलं द्रव प्लॅस्टिकच्या आवरणाखालून तांब्याच्या तारांमधून वर चढतं. बाहेरून वायर धडधाकट दिसते. टोक सोलून बघितलं की आतल्या तारा लखलखीत तांबूस असायच्या ऐवजी काळ्या निघतात. अशा तारेवर सोल्डर धरत नाही, गोळा होऊन ओघळतो. चमकदार तांबं दिसेपर्यंत कापत जा. वायर तोकडी पडली किंवा काळेपणा संपतच नसला तर पूर्ण वायर बदला. आणि स्प्रिंगला वायर डागायची असेल तेव्हा स्प्रिंग आधी खाचेतून बाहेर काढा. जागेवरच इस्त्री लावली तर स्प्रिंग तापते आणि सेलच्या घराचं प्लॅस्टिक मऊ पडून खाच सैल होते, मग सेल कायमचा डगमगतो.

त्या डगमगण्याचीही स्वतंत्र परीक्षा घ्या. आवाज वाजत असताना सेलच्या झाकणावर बोटाने हलके टिचकी मारा. प्रत्येक टिचकीला बेल्ट कोसळत असेल तर स्प्रिंग दबलेली आहे. ‘हेन्शिन’ ही रूप बदलतानाची हाक देताना मुलं उडी मारतात, आणि बेल्ट नेमका तेव्हाच बंद पडतो असं पालक सांगतात, त्याचं कारण हेच. स्प्रिंग चिमट्याने हलकेच दीड-दोन मिलिमीटर ओढून घ्या. दुमडलेला ॲल्युमिनियम फॉइल अडकवण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. तो सरकला की शॉर्ट होतो आणि सेल तापतो.

बेल्ट उघडताना

बेल्टच्या मागच्या बाजूचे स्क्रू जपानी घडणीचे असतात. आपला नेहमीचा फुलीचा ड्रायव्हर त्यात थोडा वर राहतो आणि जोर लावला की उसळून बाहेर येतो. दोनदा असं झालं की डोकं गोल होतं. जेआयएस (जपानी मानक) म्हणून मिळणारी टोकं घेतलीत तर चांगलं, नाहीतर आपल्याकडच्यांतलं खाचेत जास्तीत जास्त खोल बसणारं टोक निवडा आणि फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर ठेवा. सगळे स्क्रू एकाच लांबीचे असतील असं धरून चालू नका. कागदावर बेल्टची बाह्याकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवा.

बंद करताना एक गोष्ट मनापासून पाळा. हे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडून बसलेले असतात. स्क्रू जागेवर ठेवा आणि आधी उलटा फिरवा. थोड्या फिरण्यात तो किंचित खाली पडल्याचं बोटांना जाणवेल, टक् असा बारीक आवाजही येतो. तिथे त्याला त्याचा जुना आटा सापडलेला असतो. आता सुलटा फिरवा. असं न करता थेट पिळला तर तो नवे आटे पाडतो, आणि असं दोन-तीनदा झालं की भोक मोकळंच होतं. त्या दिवसापासून बेल्टचं मागचं कवच कधीच घट्ट बसत नाही.

कवच एकदम ओढून वेगळं करू नका. स्पीकर आणि सेलच्या वायरी दोन अर्धकांना जोडलेल्या असतात, आणि केसाएवढ्या बारीक असतात. उघडल्या उघडल्या फोटो काढा. लिव्हरचे गिअर कोणत्या क्रमाने बसले आहेत हे नंतर आठवत नाही.

ओळख चुकत असेल तर

फुल बॉटलमध्ये सेल नाही, चिप नाही. मागच्या अंगाला असलेल्या उंचवट्यांची मांडणी प्रत्येक बाटलीत वेगळी असते. बाटली खोचली की हे उंचवटे बेल्टमधले ठरावीक पिन दाबतात, आणि कोणते पिन दबले यावरून बेल्ट नाव ठरवतो. म्हणजे एक पिन अडकला किंवा त्याखालचा स्विच दबूनही लागला नाही, तर बेल्टला वेगळीच बाटली दिसते. त्या मांडणीची बाटली अस्तित्वात असेल तर तो तिचं नाव घेतो, नसेल तर गप्प.

त्याच खाचेत आणखी दोन-तीन बाटल्या घालून बघा. एकच बाटली चुकत असेल तर दोष बाटलीचा आहे: उंचवटा झिजला आहे, किंवा नकली बाटली आहे आणि साचा नीट उतरलेला नाही. बऱ्याच चुकत असतील तर दोष खाचेचा. टॉर्च लावून पिन बघा, टूथपिकने एकेक दाबून सोडा. सगळे सारख्या झटक्याने वर यायला हवेत. जो आळसावून येतो तो चिकटला आहे. बहुधा धूळ आणि हाताचा घाम, कधी सांडलेलं सरबत. अल्कोहोल लावलेल्या बडने पिनच्या कडा पुसा आणि पुष्कळदा दाबा. एवढ्यावर बरेच बेल्ट बरे होतात, उघडायचीही गरज पडत नाही.

उघडावं लागलंच तर काळ्या रबरी बटणांचे पॅड आणि बोर्डावरचे काळे ठिपके घासू नका. ते कार्बनचे असतात आणि झिजतात. अल्कोहोलने नुसतं हलकं टिपा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन यांपैकी काहीही जवळ आणू नका. एबीएस प्लॅस्टिक ॲसिटोनमध्ये विरघळतं, आणि पारदर्शक भागांना तर नुसत्या वाफेने तडे जाऊ शकतात. गंजरोधक तेलाचा फवाराही नको, त्याचा थर धूळ धरून ठेवतो.

‘कामेन रायडर विझार्ड’ या आधीच्या मालिकेचा 2012 सालचा बेल्ट असेल तर हा सगळा भाग सोडून द्या. तिथे अंगठीत चिप आहे आणि ती स्पर्शाशिवाय वाचली जाते, त्यामुळे पुसायला पिनच नाहीत. अंगठी ओळखली जात नसेल तर सेल आणि वरची व्होल्टेज ड्रॉपची तपासणी करा, आणि अंगठी बेल्टवरच्या हाताच्या आकाराला अगदी लागून धरा.

कपॅसिटर बदलू का?

हा प्रश्न प्रत्येक चर्चेत निघतो. वीज बोर्डात शिरते तिथे 470 मायक्रोफॅराडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) जास्तीचा लावला तर क्षणिक डुबकी भरून निघते हे खरं आहे. पण कुजलेल्या स्प्रिंगवर कपॅसिटर लावणं म्हणजे दोष झाकणं. सहा महिन्यांनी रोध आणखी वाढतो आणि तेव्हा कपॅसिटरही पुरा पडत नाही. ड्रॉप शून्याजवळ आणल्यावर, ताजे अल्कलाइन सेल असूनही बेल्ट कोसळत असेल, तरच त्याचा विचार करा. जुना कपॅसिटर फुगलेला दिसला तर अर्थात बदला, ध्रुव बघून.

हा खटाटोप आपल्याकडे जास्त मोलाचा आहे. भारतात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हही बंधनकारक झालं. जुना बेल्ट बिघडला की नवा मागवू, असं म्हणणं सोपं राहिलेलं नाही. उलट जपानमधल्या जुन्या खेळण्यांच्या दुकानांत ‘जंक’ शेऱ्याने स्वस्तात निघालेले बेल्ट पुष्कळदा फक्त पाझरलेल्या सेलचे बळी असतात. कोणी येताना आणणार असेल तर सेलच्या घराचा फोटो आधी मागा. पांढरी भुकटी चालेल. बोर्डापर्यंत हिरवा थर पोचला असेल तर नको.

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात राहणाऱ्यांनी बेल्ट ठेवून देताना सेल काढलेच पाहिजेत, ‘परवा पुन्हा खेळायचंय’ असं असलं तरी. जूनच्या आधी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की बदला. बाटल्या बेल्टमध्ये खोचलेल्या ठेवू नका, पिनच्या स्प्रिंग महिनोन्‌महिने दबलेल्या राहतात.

एवढं करूनही बेल्ट बधत नसेल तर मदत मागताना चार गोष्टी लिहा: सेल कोणते, शांत असतानाचं आणि भर आवाजातलं व्होल्टेज, दोन्ही टोकांचा ड्रॉप, आणि रॅबिट-टँकला ‘बेस्ट मॅच’ येतं की नाही. सोबत सेलच्या घराचा आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा उजेडात काढलेला फोटो जोडा. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलंत तर कोणालाच काही सांगता येणार नाही. या चार उत्तरांवरून दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा बेल्ट हातात न घेताही सांगता येतं.